धुरा

तहसीलमधून यादी आली ती एकाच ओळीत आली.
लटारी मत्ते,चिंधूबाई टेकाम,सीताबाई पिदूरकर,
अख्खं गाव, श्वास घ्यायला जागा न सोडता,
एका अवतरणचिन्हापासून दुसऱ्यापर्यंत.
मला ते सुटं करायचं होतं:
नव्या गावठाणात एका नावाला एक प्लॉट.

जावास्क्रिप्टमध्ये याला स्प्लिट म्हणतात,
पीएचपीत एक्स्प्लोड.
हा शब्द मी पंचायतीच्या खोलीत टाइप करते
आणि अडीच वाजता खाणीत ब्लास्टिंग होतं.
खिडकीची काच, स्टीलचा गिलास, कर्सर
सगळं एकदा थरथरतं.
कर्सर नाही थरथरत. मला तसं वाटतं.

पहिल्यांदा कुठे तोडायचं तेच सांगायचं राहिलं.
नुसती रिकामी अवतरणं दिली
आणि गावाचा भुगा झाला.
च, ि, ं, ध, ू, ब, ा, ई
वेलांटी आपल्या ठिपक्यांच्या रिंगणात एकटी,
अनुस्वाराला डोकं नाही.
चिंधूबाई मागे उभी होती, आधारकार्ड पदरात.
"माह्या नावाच्याच चिंध्या केल्या का व पोरी?"

मग स्वल्पविराम दिला.
घरं एकशे बारा, तुकडे निघाले एकशे चौदा.
एका जागी कोणी 'आसुटकर, कवडू' लिहिलेलं,
शाळेच्या हजेरीसारखं;
आडनाव सतराव्या खणात, माणूस अठराव्यात.
दुसऱ्या जागी दोन स्वल्पविराम लागून लागून
आणि मध्ये काहीच नाही.
दमडू मडावी. यादी व्हायच्या आधी गेला.
नाव खोडणाऱ्यानं चिन्हं तशीच ठेवली.
कवडूला मी जोडून घेतलं.
दमडूचा खण गाळायला एक ओळ पुरते.
ती ओळ मला पाठ आहे.

"न् हे टिकल्या कोठी गेल्या, मधातल्या?"
तोडल्यावर त्या उरत नाहीत, मावशी.
ज्यानं दोघांना वेगळं ठेवलं
ते चिन्ह कोणाच्याच खणात जात नाही.
ती जरा वेळ बघत राहिली.
"धुऱ्यावानी.
माह्या न् मत्त्याच्या मधी धुरा होता.
धुऱ्यावरच्या एका बोरीपायी
सात वर्सं बोललो नाई आमी.
आता धुरा गेला खाणीच्या मातीखाली,
न् मत्ते रोज चा प्याले येते."

उलटं कामही असतं, जॉइन.
ते एवढंच विचारतं: मध्ये काय ठेवू?
फाइल तहसीलला पाठवून झाल्यावर,
दमडूचा खण तसाच ठेवून,
मी तिथे लिहिलं: बोर.
लटारी मत्ते बोर चिंधूबाई टेकाम बोर सीताबाई
पडदा भरून ओळ निघाली, काट्यांसकट.

"किती बोरी झाल्या व?"
खण एकशे तेरा. बोरी एकशे बारा.
मध्ये ठेवायचं ते नेहमी एकानं कमीच भरतं.
"मंग थे माहीच असन," ती म्हणाली,
आणि आधारकार्ड पुन्हा पदरात बांधलं.