दावाव, व्हाया मारेगाव

शालिककाकाची ट्रॅक्स आधी साधीच काळीपिवळी होती.
वणी ते मारेगाव, मधे बारा थांबे
आणि जो हात दाखवील तो तेरावा.
कागदावर नऊ सीट. काकाचा हिशेब वेगळा:
नऊ माणसं, पाच लेकरं, दोघं टपावर,
आणि मी मागच्या पायरीवर, दाराची कडी धरून,
सातवी नापास,
सगळ्या गावांची नावं एका दमात.

मोनाली दावावला गेली, डॉक्टरकी शिकायला.
किती लांब, किती समुद्र, काकानं काही विचारलं नाही.
"तिथं गाड्या कोन्या हायेत?" एवढंच.

तिनं फोटो पाठवला.
लांबोडी जीप, अंगावर इंचभर जागा मोकळी नाही:
येशूची आई, विजेचे लोळ, कोंबडा, पोरांची नावं,
आठ आरसे, अकरा भोंगे,
आणि बॉनेटवर चकचकीत घोडे.
काकानं फोटो दोन बोटांनी मोठा केला,
अजून मोठा केला,
स्क्रीनवर घोड्याचा एक डोळा उरला
तरी पाहतच राहिला.
चहावर साय धरली.

येरेकर पेंटरनं जन्मभर
इथे थुंकू नये आणि उमेदवारांची नावं रंगवली.
त्याला पहिल्यांदाच कोणी म्हणालं, तुझ्या मनानं कर.
तो दोन दिवस नुसता गाडीभोवती फिरला.
मग काढली टिपेश्वरची वाघीण, पळसाखाली झोपलेली,
निर्गुडेच्या पाण्यात एक विमान,
मागच्या दारावर मोनाली, गळ्यात स्टेथोस्कोप.
नाक जरा चुकलं.
काचेच्या वर, लाल अक्षरांत: दावाव.

घोड्यांचं मात्र जमेना.
रशीद वेल्डर म्हणाला, "घोडे कुठून आणू भाऊ,
आपल्याकडं पळतात ते बैल."
तेव्हा काकानं माळ्यावरून शंकरपटाची ढाल उतरवली,
त्याच्या बापाच्या जोडीनं जिंकलेली,
आणि त्यावरचे पितळी बैल कापून घेतले.
काकू तीन दिवस बोलली नाही.
चौथ्या दिवशी चिंच घेऊन आली, बैल घासायला.

बोटोणीच्या म्हातारीनं पाटी वाचून घेतली कोणाकडून तरी.
"दवाव किती घेते रे बापू?"
"वीस."
"कुठं येते ते?"
"मारेगावच्या पुढं."
बसली. मारेगावला उतरली.
म्हणाली, "बाकीचं पुढच्या खेपेले."

मग स्टँडवर लागणच झाली.
कोणी मोर, कोणी दुबईची इमारत,
बंडू आत्राममनं होणाऱ्या बायकोचं नाव टाकलं
आणि मार्गशीर्षात मिटवलं,
अजूनही ऊन तिरपं पडलं की वाचता येतं.
पोळ्याला गाड्यांच्याही टपांना बेगड,
बैलांच्या रांगेमागं सहा काळीपिवळ्या,
आणि कोणाचा हॉर्न गोड यावर खरोखरचं भांडण.

आरटीओचे साहेब म्हणाले,
काळीपिवळी म्हणजे काळी आणि पिवळी.
दंडाची पावती काकानं तीनदा वाचली.
येरेकरनंच रंग फासला, वाघिणीपासून सुरुवात करून,
कोणाशी न बोलता.
बैल वाचले, कारण ते पेचावर होते.
नाका दिसला की मी उडी मारायचो, ते काढायचो,
गमछ्यात गुंडाळून मांडीवर घ्यायचो.
बॉनेटच्या उन्हानं तापलेले.
जित्राबासारखे.

मोनाली सुट्टीत आली. पुढची सीट रिकामी ठेवली होती,
ती मागं चढली, माझ्याजवळ, शेवटच्या फळीवर.
रंग नव्हता. तिनं दारावरून फक्त हात फिरवला,
जिथं तिचं नाक होतं तिथं.
मग वीसची नोट पुढच्या बाईच्या हातात दिली.
तिथं अशीच जाते म्हणाली, हातोहात.
बाईनं मास्तरला दिली, मास्तरनं कोंबडीवाल्याला,
कोंबडीवाल्यानं दातात धरून पुढं,
सोळा माणसं गप्प होऊन एका नोटेकडं पाहत होती.

घरच्यांचे पैसे काका कधी घेत नसे.
त्यानं नोट घेतली, कपाळाला लावली नाही, काही नाही,
खिशात टाकली
आणि पाच रुपये परत पाठवले,
तसेच, हातोहात.
स्टुडंट, म्हणाला.