बोट वर

शुक्रवारी चार वाजता विमानतळावरून खोकी यायची.
ओलसर पुठ्ठा, सुतळीच्या दोन गाठी, आणि आत
किंग्स्टनहून निघालेल्या सात इंची तबकड्या.
काहींच्या कडा अजून खरखरीत,
काहींवर गाण्याचं नाव चुकीचं,
काहींवर नावच नाही.

हार्ल्सडनला, खाटीक आणि वेण्या घालणाऱ्या बायका
यांच्या मधला गाळा : लॅसेल्स प्राइसचं दुकान.
मी काउंटरच्या आत. मर्लीन, वय सोळा.
पिशव्या देणं, सुटे पैसे सांभाळणं एवढंच माझं काम.
सुई तोच ठेवायचा.

वीस सेकंद. फार तर तीस.
मग बास उतरायचा जमिनीत,
पलीकडे खाटकाचे आकडे किणकिणायचे,
आणि बोटं वर व्हायची.
एक बोट, एक प्रत. तोंडानं कुणी काही मागायचं नाही.
बस-डेपोतल्या मिस्त्रीचं काळं, नख फुटलेलं बोट.
रात्रपाळी करून तशीच आलेल्या सिस्टर क्लॉडेटचं,
हातमोज्याची पांढरी भुकटी लागलेलं.
साउंड-सिस्टमवाल्या एझिकेलची दोन,
एक झिजवायला, एक जपायला.
लॅसेल्स मान वर न करता म्हणायचा, "अकरा."
मी मोजायची. अकराच असायची.

नंतर काय झालं ते मला क्रमानं सांगता येत नाही.
एझिकेलचे कान गेले, मग एझिकेल.
क्लॉडेट मुलाकडे लीड्सला राहायला गेली.
खोकं दर शुक्रवारी येईना, मग महिन्याला,
मग कुरिअरवाला नुसतंच हात हलवून पुढे जायला लागला.
या रस्त्यावर दुकानं नऊ होती.
हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, असं लोक म्हणतात ना,
मी खरंच मोजायची, बसमध्ये, मांडीवर हात ठेवून.
करंगळी मिटली, अनामिका मिटली.
शेवटी अंगठा तेवढा राहिला.
भाडं जरा कमी करा म्हटलं
तर मालकानं दाखवला तोच.

शेवटच्या शनिवारी एक पोरगा आला,
मिसरूड फुटायचं होतं, गळ्यात हेडफोन.
खिळ्याला अडकवलेली ती कोऱ्या लेबलची तबकडी
काढायला लावली त्यानं.
चौऱ्याऐंशीपासून ती तिथेच.
गाणारी बाई कोण, कुणालाच माहीत नव्हतं.
लॅसेल्सनं किती जणांना ऐकवली असेल,
पाद्र्याला, वीज-मीटरवाल्याला,
एकदा झडतीला आलेल्या पोलिसालासुद्धा.

सुई टेकली. पोरानं फोन पुढे धरला.
फोन ऐकत राहिला. गोल फिरत राहिला.
दुसरं कडवं संपलं तरी फिरतच होता.
मग म्हणाला, सापडलं नाही.
आणि लॅसेल्स हसला,
टेबलाला धरून, खोकला येईपर्यंत हसला :
"त्यालाही नाही माहीत! मर्लीन, त्यालाही नाही!"

पोरगा चाळीस पौंड काढून उभा.
पाकिटावर पेन्सिलीत लिहिलं होतं, दीड.
यानं दीडच घेतले.
तीन महिन्यांचं भाडं थकलेलं, आणि दीड.
मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही.
मग बोलायचं राहूनच गेलं,
सोमवारी कुलूप, पुढच्या हिवाळ्यात तो.

आता त्या गाळ्यात फोन दुरुस्त होतात.
माझाही तिथेच केला, काच तडकली होती.
आकडे किणकिणत नाहीत, एवढाच फरक.
खाटीक मला अजून मान डोलावतो.

परवा थांब्यावर उभी होते. शुक्रवार असेल.
सिग्नलला एक गाडी थांबली, काचा बंद,
आतलं गाणं नाही, नुसता बास
चपलेच्या तळव्यातून वर आला,
आणि माझं बोट वर गेलं.

अठरा नंबर थांबली.
दार उघडून ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला.
मला कुठेही जायचं नव्हतं.