प्रवास भत्ता

गाडी होती तोवर पगारपत्रकात तिची ओळ नव्हती.
फुलेवाडीतून सहा दहाला निघायची,
उजळाईवाडीपर्यंत अख्खी गाडी झोपलेली.
गोकुळ शिरगावात फाउंड्रीच्या गेटाशी आप्पासो ब्रेक दाबायचा
आणि चाळीस माना एकदम पुढे.

कायदा ही झोप उत्पन्नात धरत नाही.

एप्रिलपासून गाडी बंद. डिझेल परवडेना म्हणे.
त्याऐवजी ‘प्रवास भत्ता, दोन हजार’.
ही ओळ मीच टाइप केली,
आणि कर बसणाऱ्या चौदाजणांच्या कपातीचा वाढीव आकडाही.

पॅटर्न शॉपचे सर्जेराव खोत स्लिप घेऊन टेबलाशी.
“मॅडम, बसवून न्हेलं तर काय न्हाई,
पैसं हातात दिलं की कमाई?
रस्ता तर त्योच की ओ.”
माझ्याकडे कलम होतं. ते वाचून दाखवलं.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

इंगवल्यांचा भत्ता तेवढा सुटला करातून.
डावा पाय, गुडघ्याखाली. दाखला फायलीला लावलाय.
सही करायला आले तेव्हा म्हणाले,
“बगा, न्हाई त्या पायानं बी कायतरी मिळवलं.”
हसावं की नाही कळेना.
मी उगाच शिक्का शोधत राहिले,
तो समोरच होता.

गाडी अजून भंगाराशेजारी उभी आहे,
पुढचं एक चाक बसलेलं.
जेवणाच्या सुट्टीत कुणी कुणी चढतं तिच्यात,
आपापल्या जुन्या सीटवर.
काल खिडकीतून दिसले खोत.
मान पुढे,
चष्मा खिशात.