चोरटा प्रवाह

या हिवाळ्यातली ही चौथी खेप.
ग्राट्सच्या टेकडीवर, शेवटच्या वळणाला
कायंत्सबाईंचं गॅरेज. कडी गोठलेली,
आत चादरीखाली बारा सिलिंडरांची
गर्द हिरवी, मुकी गाडी.

"पुन्हा तेच," त्या दारातच म्हणाल्या,
घरातल्या आजाऱ्याला ऐकू जाऊ नये
अशा आवाजात.

आता गंमत बघा.
बॅटरी आहे डिकीत.
डिकी उघडते विजेवर.
वीज आहे बॅटरीत.
सव्वा लाख युरोंचं शहाणपण हे!
मग रिमोटच्या पोटातून
एक साधी, बोटभर किल्ली ओढून काढायची
आणि नंबरप्लेटच्या वर चाचपडत
भोक शोधायचं,
लाइट गेल्यावर बान्यालुकाच्या घरात
आई काड्यापेटी शोधायची तसं.

आठ पूर्णांक दोन व्होल्ट.
याला झोप म्हणत नाहीत.
"सुरू होईल का?" असं सगळे विचारतात.
बाईंनी विचारलं,
"गोराझ्द, तिच्या लक्षात राहील ना सगळं?"
मला वाटलं, रेडिओची स्टेशनं.

चार वर्षांत एकशे एकाहत्तर किलोमीटर.
त्यातले निम्मे तपासणी केंद्रापर्यंत जाऊन येण्याचे,
तेही मीच चालवलेले.
मालकांच्या मागे हा पांढरा हत्ती कशाला पोसायचा,
असं त्यांचा लिंट्सचा पुतण्या म्हणतो.
गिऱ्हाईकही घेऊन आला होता एकदा.
बाईंनी त्याला खसखशीचा केक दिला
आणि वाटेला लावलं.

बॅटरीला जीव देऊन मीटर लावला. कुलूप घातलं.
अशी गाडी एका दमात झोपत नाही.
आधी दिवे, मग आरसे,
मग कुठलातरी पंखा उगाच कूस बदलतो,
एका खोलीतल्या पाच पोरांसारखं.
चाळीस मिनिटं मी पालथ्या बादलीवर बसून होतो.
मग काटा खाली आला तो आलाच.
तीस मिलिअँपिअर. तक्रारीला जागा नाही.
चोर गाडीत नव्हता.

लॅपटॉप जोडला.
गाड्या बोलत नाहीत, पण टिपून ठेवतात.
रोज रात्री नऊ दहाला
ड्रायव्हरचं दार. आधी किल्ली क्रमांक दोन.
लगेच किल्ली क्रमांक एक.
इंजिन नाही. अकरा मिनिटं. कुलूप.
काल. परवा. नाताळच्या रात्रीसुद्धा.

"आणखी कुणाकडे किल्ली आहे का?" मी विचारलं.
बाईंनी एप्रनच्या दोन खिशांतून
दोन किल्ल्या काढल्या.

पहिल्यांदा स्वतःची दाबली. दार उघडलं.
सीट गुणगुणत पुढे आली, उंच झाली,
पाच फुटांच्या बाईसाठी.
मग दुसरी.
सीट मागे गेली. अजून मागे. खाली बसली.
स्टिअरिंग अंग चोरून वर सरलं,
आरसा मान कलती करून थांबला
सव्वासहा फुटांच्या माणसाच्या डोळ्यांपाशी.

"ओटमारचे गुडघे," त्या म्हणाल्या,
"कुठंच मावायचे नाहीत. थिएटरात नाही, चर्चमध्ये नाही."
आत बसल्या नाहीत.
दाराला हात लावून नुसत्या उभ्या,
बस सुटेपर्यंत स्टँडवर राहतात तशा.

मी काय बोलणार?
हत्यारं पुसली. पुसलेली परत पुसली.

गॅरेजच्या भिंतीवर चार्जर बसवला,
वायर चादरीखालून नेली.
हिरवा दिवा लागला.
"आता कितीही वेळा उघडा."
"म्हणजे तुम्ही येणार नाही?"
याचा विचार मी केला नव्हता.
म्हटलं, चार्जरसुद्धा तपासावा लागतो, महिन्यातून एकदा तरी.
लागत नाही. त्यांनाही ते कळलं असावं,
केक कापायला त्या आत गेल्या.

फॉर्मवर बिघाडाचं कारण लिहायचं असतं.
"वाहन क्वचित वापरात" लिहिलं.
बराच वेळ बघत बसलो.
मग "क्वचित" खोडून "रोज" केलं.

संध्याकाळी ऑफिसातून वाल्ट्राउडचा फोन:
मीटर एकशे एकाहत्तर म्हणतोय, आणि तू रोज?
हो म्हटलं. रोज. नऊ दहाला.
तसंच टाइप कर.