वशिाखा

बाबांनी माळ्यावरून कूलर उतरवला त्या दिवशी
मी बर्डीवरून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर
ओपनबीएसडी चढवत बसले.
एकाच खोलीत, एकाच एक्स्टेन्शनवर,
आणि मानेवाड्यात सकाळीच चाळीस.

तिची खूण म्हणजे मासा,
गाल फुगवलेला, अंगभर काटे.
"हे काय नवीन होय?"
नवीन नाही बाबा, जुनीच आहे,
फक्त कोणी घेत नाही.
"मंग तू काऊन घेते?"
याचं उत्तर मी स्नेहदीपलाही देऊ शकले नव्हते.

वायफाय लागेना. वायफायचं फर्मवेअर
वायफायवरूनच आणावं लागतं.
बाबांना सांगितलं. ते हसले नाहीत.
ते पंपाची वायर दातानं सोलत होते
आणि टेस्टर शोधत होते,
जो त्यांच्या खिशात होता.

मग मोबाइल केबलने जोडला.
पॅकेजेस उतरू लागली,
उन्हाळ्यातल्या नळासारखी, थांबत थांबत.

मेक म्हटलं, तर म्हणाली ही ओळ कळली नाही.
तिचा मेक निराळा.
पुण्याच्या मावशीकडे मी "काऊन" म्हटलं की
सगळं ताट थांबून माझ्याकडे बघतं, तसं.
जीमेक म्हटलं, तेव्हा हलली.

दुपारी पंप सुरू झाला.
पाणी एकाच जाळीवर,
बाकी दोन्हीकडचं वुडवूल कोरडं ठक्क.
बाबा सुईनं नळीची भोकं मोकळी करत राहिले.
मी माझ्या नळीची: लोकेल, फॉन्ट, टर्मिनल.
कारण प्रोग्रॅम चालला होता
आणि माझ्या नावाच्या जागी
नुसते चौकोन आले होते.

संध्याकाळी अक्षरं आली.
फक्त पहिली वेलांटी व सोडून
पुढच्या श वर जाऊन रेललेली.
बाबांनी चष्मा वर करून वाचलं,
"वशिाखा. कोण होय हे?"

मी म्हटलं, मीच. आजच्यापुरती.

रात्री अकराला दोन्ही चालू,
कोणती घरघर कोणाची, कळत नव्हतं.
ओल्या भुशाचा वास खोलीभर.
बाबा कुशीवर वळताना पुटपुटले,
"पाणी पाहून घेजो."
पाहिलं. टाकी अर्धी.
दोन बादल्या ओतल्या,
हात फ्रॉकला पुसायची सवय अजून गेली नाही, कुर्त्याला पुसले,
आणि पुन्हा जीमेक.