उसनी शिट्टी

बल्लारपूरच्या पेपर मिलमधला एक साहेब
नोकरी सोडून गेला, मागे राहिलं एक खोकं:
जळका अॅम्प्लिफायर, कुकरच्या दोन रिंगा
आणि एकाच बँडच्या चार कॅसेटी.
चारही लाइव्ह. स्टुडिओतली एकही नाही.
भंगारवाल्याने किलोवर दिलं,
मी अॅम्प्लिफायरसाठी घेतलं.

मी झाडीपट्टीतला साउंडवाला.
दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव,
धानाच्या बांधीत मंडप, जनरेटर, आठ माइक,
रात्रभर नाटक, दिवसा टेम्पोत झोप.
इंग्रजी मला कळत नाही.
पण दोन गाण्यांच्या मध्ये तो लांबकेस्या गायक
काही विचारतो आणि गर्दी ओरडते,
तेवढं कळतं.
'मांगच्यायले आयकू येते का बे?'
दुसरं काय विचारणार.

पहिली कॅसेट कच्ची.
गिटार सुरापेक्षा वर चढलेली, बेसचा पत्ता नाही,
ड्रमवाला घाईत, जणू शेवटची बस चुकेल.
कोणीतरी माइक स्पीकरच्या तोंडाशी नेला
आणि ती कर्रर्र तशीच राहू दिली.
आमच्याकडे त्यासाठी शिव्या पडतात.
तरी सांगतो, चौघींत हीच तरुण.

दुसरीत एकच गाणं अख्खी बाजू खातं.
सव्वीस मिनिटं.
ऑर्गन आणि गिटार एकमेकांना सोडत नाहीत,
शंकरपटात दोन जोड्या बाजूबाजूने सुटाव्या
आणि कासऱ्यावर कोणाचाच हात नसावा.

तिसरी सगळ्यांत स्वच्छ,
म्हणूनच संशय आला.
पहिली बाजू, दुसऱ्या गाण्यानंतर गर्दीत एक शिट्टी,
दोन बोटांची, शेवटी जरा खाली वाकणारी.
दुसरी बाजू, चौथ्या गाण्यानंतर
तीच.
तीच बोटं, तोच दम.
हेडफोन लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं.
गर्दी मागाहून चिकटवलेली होती.
भावाने वाटणीत बांधी लपवली
तेव्हाही इतका राग नव्हता आला.

मग सिंदेवाहीकडचं ते गाव. जानेवारी.
दोन कोसांवर दुसऱ्या कंपनीचा प्रयोग,
त्यांची हिरॉइन नागपूरची.
आमच्याकडे चाळीस माणसं, ब्लँकेटांसकट.
मुखरू निकुरे तिसऱ्या अंकात मरतो.
बावीस वर्षं मरतो आहे,
आणि मरून उठला की त्याला टाळ्या लागतात.
हिवराजभाऊ माझ्या कानाशी आला:
'टाऱ्या हायेत का तुयाजवर?'

होत्या.
तिसरी कॅसेट लावली, आवाज हळूहळू चढवला.
हजारो परकी माणसं बांधीत उभी राहिली.
चाळीस माना मागे वळल्या.
कुत्री भुंकली.
ती शिट्टीही आली, शेवटी जरा खाली वाकणारी,
आणि मुखरूने तिच्या दिशेला, अंधाराला,
कमरेत वाकून हात जोडले.

पहाटे शेकोटीशी तळवे धरत म्हणाला,
'पब्लिक बम होती ना बा आज.'
मी वायर गुंडाळत होतो.
तो हसत होता की नाही
धुरात दिसलं नाही.

चौथी मी कमी ऐकतो.
तिच्यात ते म्हातारे झालेत.
गाणी दोन सूर खाली आणलेली.
उंच ओळ आली की गायक माइक लोकांकडे वळवतो,
लोक बेसूर गातात, कोणी पुढे, कोणी मागे.
शेवटून दुसऱ्या गाण्याआधी सगळं शांत होतं
आणि उजव्या स्पीकरात, लांबवर,
कोणीतरी खोकतं.

खोकला कोण मागाहून चिकटवेल?
तरी मी दोन्ही बाजू तपासल्या.
एकदाच आहे.