डावी बाजू

दापोलीत, डेपोसमोरच्या माझ्या गाळ्यात
हर्णैचे हसुराम तांडेल आले, मागोमाग बायको.
लेकीने पैसे धाडलेत :
मुंबई ते गोवा, क्रूझ, दोन रात्री.

आतली खोली द्या, ते म्हणाले,
चारी बाजूंनी भिंतीची. खिडकी नको.
बेचाळीस वर्षं बाल्कनीतच काढली मी,
वर छप्परसुद्धा नव्हतं.
एकदा दर्यावर असून
दर्या न बघता झोपायचंय.

मी बाल्कनीचा फोटो झाकला.
फरक तसाही नऊ हजारांचा.

द्वारकाबायने तो बोटाने पुन्हा पुढे ओढला,
बर्फाने पांढरं पडलेलं बोट.
"रातचं आपलं बंदर दिसंल काय तिथनं?"
लांबून जाते बोट, मी म्हणालो, फार तर
दीपगृहाची उघडझाप.
"ह्या बाजूनं लय बघितलंय मी," म्हणाली,
आणि कमरेच्या पिशवीतून
म्हावऱ्याचा वास धरलेल्या नोटा
मोजायला लागली. चुकली. परत पहिल्यापासून.

फॉर्मवर शेवटचा रकाना : बाजू.
मी विचारायच्या आत तांडेल म्हणाले,
डावी लिहा. जाताना किनारा डावीकडे.

आणि येताना?

येताना नुसतं पाणी.
तेव्हा पडदा ओढू.